अंगणात कोणतं झाड लावावं? भिंगारच्या उन्हाचा, मातीचा आणि पाण्याचा हिशेब

पहिला पाऊस पडला की रोपवाटिकांसमोर गाड्या थांबतात. कुणी गुलमोहर घेतं, कुणी आंबा, कुणी 'लवकर वाढणारं काहीही द्या' म्हणतं. घरी येऊन खड्डा काढला जातो तो जिथे जागा मोकळी दिसते तिथे. पुढे आठ-दहा वर्षांनी तेच झाड तारांना लागतं, कंपाउंडची भिंत फोडतं किंवा गच्चीवरच्या सोलरवर सावली पाडतं. मग त्यावर करवत चालते. झाड जातंच, पण त्याला दहा उन्हाळे पाजलेलं पाणीही जातं. अहिल्यानगरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात हे नुकसान छोटं नाही.

म्हणून 'कोणतं झाड चांगलं?' हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा: अंगणाच्या कोणत्या बाजूला, कशासाठी आणि किती पाण्यावर? भिंगार आणि नगर परिसर समोर ठेवून याचं उत्तर शोधू. कोरड्या महाराष्ट्रातल्या इतर गावांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी भिंगारची परिस्थिती समजून घ्या

भिंगार हे नगर शहराला लागून असलेलं, छावणीचं गाव. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे इथे वर्षाला सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो, तोही काही वर्षी दगा देतो. १९७२ चा दुष्काळ जुन्या लोकांना आठवतो, २०१२-१३ चा तर सगळ्यांनाच. मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री दहाच्या खाली उतरतो. म्हणजे इथल्या झाडाला कडक ऊन, कोरडी थंडी आणि आठ महिन्यांची पाण्याची ओढ असं तिन्ही सोसावं लागतं.

मातीही एकसारखी नाही. कुठे काळी चिकण माती, तर कुठे दीड-दोन फुटांवर मुरूम. घराजवळच्या मातीत आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, ती म्हणजे बांधकामाचा राडारोडा. याचं एक प्रसिद्ध उदाहरण भिंगारच्या शेजारीच आहे. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. तिथल्या अंगणात त्यांनी बागकाम केलं आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'मध्ये त्या मातीबद्दल लिहिलं. जमीन निकस होती, दगडांनी आणि जुन्या बांधकामाच्या अवशेषांनी भरलेली होती. खणताना जुन्या भिंतींचे भागही लागले. आपल्या प्लॉटवर एवढा इतिहास निघणार नाही. पण विटांचे तुकडे, सिमेंट आणि खडी हमखास निघते.

याच परिसरात निजामशाहीच्या काळात फराहबागेसारखी उद्यानं उभी राहिली. ती पावसाच्या भरवशावर नव्हती. त्या काळात शहराला आणि बागांना दुरून खापरी नळांनी पाणी आणलं जाई. आज नगर शहराचं पाणी मुळा धरणातून येतं. इथे हिरवळ हवी तर पाण्याची सोय आधी बघावी लागते, ही गोष्ट तेव्हापासून बदललेली नाही.

रोप आणण्याआधी एक कागद घ्या

प्लॉटची साधी आकृती काढा. फोनमधल्या होकायंत्राने दिशा लिहा. मग पुढच्या गोष्टी खुणा करून दाखवा:

• विजेच्या तारा आणि खांब
• पाण्याची टाकी, बोअरवेल, ड्रेनेजची लाइन, शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक
• गच्चीवरचं सोलर पॅनेल किंवा सोलर बंब
• शेजाऱ्याची भिंत आणि खिडक्या
• न्हाणी, मोरी आणि स्वयंपाकघराचं पाणी बाहेर पडतं ती जागा
• दुपारी सगळ्यात जास्त तापणारी भिंत

शेवटची खूण महत्त्वाची आहे. ती शोधायला मे महिन्यात संध्याकाळी सहा वाजता घरातल्या प्रत्येक भिंतीला आतून हात लावून बघा.

मातीची परीक्षाही घरीच होते. दोन फूट खोल खड्डा काढा, पाण्याने भरा आणि मुरू द्या. मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशीही उभंच असेल तर तिथे निचरा नाही. अशा जागी डाळिंब, लिंबू, चिकू लावायचे तर मातीचा उंच वाफा करूनच लावा. मातीत पांढरे खडे दिसत असतील तर त्यावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर माती चुनखडीची आहे. अशा मातीत लिंबाची आणि मोसंबीची पानं पिवळी पडतात, कारण झाडाला लोह नीट उचलता येत नाही.

पश्चिम: सावलीचं खरं ठिकाण

भिंगार साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. तेव्हाचं दुपारचं ऊन भिंतीवर नाही, छपरावर पडतं. भिंत तापते ती तीननंतर, सूर्य पश्चिमेला उतरू लागला की. उन्हाळ्यात सूर्य मावळतोही अगदी पश्चिमेला नाही, तर थोडा वायव्येकडे सरकून. म्हणून एकच मोठं झाड लावण्याइतकी जागा असेल तर ते पश्चिमेला किंवा वायव्येला लावा.

अंतराचा हिशेब असा. मे महिन्यात साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ३३ अंशांवर असतो. त्या वेळी झाडाची सावली त्याच्या उंचीच्या दीडपट पडते. घराची भिंत दहा फूट उंच आणि झाड वीस फूट उंच असेल, तर ते भिंतीपासून पंधरा फुटांच्या आत असताना त्याची सावली भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचते. त्याहून लांब गेलं तर भिंतीचा वरचा भाग उघडा राहतो.

पण नुसती उंची पुरत नाही, मे महिन्यात झाडाला पानं असायला हवीत. इथेच बरेच जण चुकतात. बहावा एप्रिल-मेमध्ये सोनेरी झुंबरांसारखा फुलतो, पण त्या वेळी त्याची बरीच पानं गळून गेलेली असतात. पांगारा, पळस, काटेसावर यांचंही उन्हाळ्याच्या तोंडाशी तेच होतं. ही झाडं सुंदर आहेत, पक्ष्यांना हवीहवीशी आहेत; फक्त पश्चिमेच्या सावलीसाठी कामाची नाहीत.

त्याउलट कडुनिंब पाहा. त्याची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि पाडव्याला आपण त्याची कोवळी पालवी खातो. म्हणजे ऊन चढायच्या आत झाड पुन्हा भरलेलं असतं. करंजाचंही वेळापत्रक असंच आहे आणि त्याची सावली कडुनिंबापेक्षा दाट असते. पश्चिमेला किती जागा आहे त्यावरून निवड करा:

• पंधरा फूट किंवा जास्त जागा: कडुनिंब किंवा करंज. दोन्ही मुळं धरल्यावर फारसं पाणी मागत नाहीत. कडुनिंबाखाली जून-जुलैत लिंबोळ्यांचा सडा पडतो, करंजाखाली शेंगा पडतात. गाडी तिथेच लावणार असाल तर हे आधी लक्षात घ्या.
• दहा ते पंधरा फूट: चिकू, बकुळ किंवा छाटून आटोक्यात ठेवलेला केशर आंबा. तिन्ही सदाहरित आहेत. बकुळ फार हळू वाढते, त्यामुळे घाई असणाऱ्यांनी चिकू निवडावा. खिरणीवर बांधलेलं चिकूचं कलम घ्या.
• चार-पाच फूट: इथे झाड नको. भिंतीपासून हातभर अंतर ठेवून लोखंडी किंवा बांबूचा मांडव उभा करा आणि त्यावर मधुमालती चढवा. भाजी हवी असेल तर दोडका किंवा गिलकं. भिंतीवर ऊन पडलं नाही की काम झालं; ते पान झाडाचं आहे की वेलाचं, याने फरक पडत नाही.

दक्षिण: हिवाळ्याचं ऊन अडवू नका

डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला झुकतो. भर दुपारीही तो साधारण ४७ अंशांवरच असतो आणि झाडाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी उत्तरेला पडते. म्हणजे घराच्या दक्षिणेला दाट सदाहरित झाड लावलं तर थंडीत घराला ऊब देणारं ऊन अडतं. उन्हाळ्यात मात्र त्याचा फारसा फायदा नसतो, कारण तेव्हा सूर्य डोक्यावर असतो.

सोलर पॅनेल सहसा दक्षिणेकडे तोंड करून बसवलेली असतात. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीजनिर्मिती बरीच घटू शकते. त्यामुळे दक्षिणेला बुटकी किंवा हिवाळ्यात विरळ होणारी झाडं ठेवा: डाळिंब, सीताफळ, पांढरा चाफा. सीताफळाची पानं हिवाळ्याच्या शेवटी गळतात, चाफाही थंडीत निष्पर्ण होतो. ऊन आत येतं आणि झाड आपोआप विश्रांती घेतं.

पूर्व आणि दारासमोर: फुलं, पूजा, सण

सकाळचं ऊन सौम्य असतं, त्यामुळे इथे सावलीची निकड नसते. पूर्वेची बाजू छोट्या फुलझाडांची. पारिजातक कमी जागेत मावतो आणि त्याची फुलं पहाटे गळतात, म्हणून तो फरशीवर नाही तर मोकळ्या मातीजवळ किंवा ओट्यालगत लावा. जास्वंद, तगर, पांढरी कुंद यांना फार जागा लागत नाही. सोनचाफ्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याला नियमित पाणी आणि निचऱ्याची माती लागते. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या घराने तो टाळलेला बरा.

पूजेसाठी आणि सणासाठी कोरड्या हवेत टिकणारी तीन झाडं आहेत: बेल, शमी आणि आपटा. बेल काटेरी आणि सावकाश वाढणारा आहे, तो जाण्या-येण्याच्या वाटेवर नको. आपटा छोटाच राहतो. दसऱ्याला बाजारात जी पानं विकली जातात ती अनेकदा आपट्यासारखी दिसणाऱ्या कांचनाची असतात. घरी आपटा असेल तर चार पानं तोडून भागतं, रानातली झाडं ओरबाडावी लागत नाहीत.

घरात लहान मुलं किंवा पाळीव जनावरं असतील तर एक सावधगिरी हवी. कण्हेरीचे सगळे भाग विषारी असतात. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिच्या बिया तर जिवावर बेतू शकतात. मुलं त्या खेळायला उचलतात. अशा घरात ही दोन्ही झाडं नकोतच.

उत्तर आणि मोरीची बाजू: वापरलेल्या पाण्याची बाग

जिथे न्हाणीचं किंवा भांड्यांचं पाणी बाहेर पडतं तिथे केळी, कर्दळ आणि अळू लावायची पद्धत जुनी आहे आणि ती बरोबरच आहे. ही झाडं ओल सहन करतात आणि पाणी साचू देत नाहीत. कढीपत्ताही या बाजूला चालतो, पण त्याला थोडं ऊन आणि निचरा हवा. डिटर्जंटचं, ब्लीचचं किंवा फिनाइलचं पाणी मात्र झाडांना सोडू नका. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी क्षारांनी जड असतं. ते लिंबाला चालत नाही. दुसऱ्या पाण्यात मिसळून कडुनिंब, करंज यांसारख्या चिवट झाडांना अधूनमधून देता येतं.

रस्त्याची बाजू: धूळ, आवाज, आडोसा

पाथर्डी रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यालगत घर असेल तर गरज सावलीपेक्षा आडोशाची असते. इथे एक उंच झाड फारसं काम करत नाही, कारण धूळ खोडाच्या उंचीवरून सरळ आत येते. जमिनीपासून पाच-सहा फुटांपर्यंत भरगच्च पानं हवीत. मेंदी, अडुळसा आणि निरगुडी हे तिन्ही कमी पाण्यात टिकतात, छाटता येतात आणि शेळ्या अडुळसा-निरगुडीला सहसा तोंड लावत नाहीत.

वर तारा असतील तर त्यांच्याखाली बारा फुटांपेक्षा उंच होणारं काहीही लावू नका. नाहीतर दरवर्षी पावसाळ्याआधी फांद्या छाटल्या जातात आणि झाड एका बाजूला झुकतं. सरळ खांबासारखा वाढणारा हिरवा 'अशोक' अनेक सोसायट्यांत दिसतो. तो खरा सीता अशोक नाही. अरुंद पट्टीत आडोसा म्हणून तो चालतो, सावलीसाठी नाही.

फळझाड: एकच लावा, पण नीट

फळांच्या बाबतीत या जिल्ह्याचं नशीब चांगलं आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ इथलंच आणि कोरडवाहू फळांच्या अनेक जाती तिथून आल्या आहेत. घरच्या अंगणासाठी हे पर्याय बघा:

• सीताफळ: सगळ्यात कमी पाण्यात येतं, जनावरं पाला खात नाहीत. फळावर पिठ्या ढेकूण येतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. 'फुले पुरंदर' ही राहुरीची जात.
• डाळिंब: छोटं झाड, दोन-तीन वर्षांत फळ. 'भगवा' ही जात राहुरीचीच. तेल्या रोगामुळे पावसाळ्यात फळं डागाळतात. घरी एखादं झाड असेल तर पावसाळी बहर न धरलेला बरा.
• लिंबू: रोजच्या वापराचं, काटेरी, म्हणून कुंपणाजवळ. 'साई शरबती' ही राहुरीची जात घरासाठी चांगली. चुनखडीच्या मातीत टाळा.
• पेरू: 'सरदार' म्हणजेच लखनौ-४९. नाव लखनौचं असलं तरी ही जात पुण्याच्या गणेशखिंडीतली. छाटणी सोसतो, लवकर फळतो.
• आवळा: कणखर आणि कमी पाण्याचा. एकटा असला तर फळ कमी धरतो, जवळपास दुसऱ्या जातीचं झाड असावं. शेजाऱ्याशी बोलून दोघांनी वेगवेगळ्या जाती लावल्या तर दोघांनाही फायदा.
• शेवगा: पहिल्याच वर्षी शेंगा देतो. 'दारात शेवगा नको' असं घराघरांत सांगितलं जातं. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी त्याला व्यवहारी कारण आहे: लाकूड ठिसूळ असतं, वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडते, आणि खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात. त्यामुळे तो दारात नाही, परसात लावा आणि दरवर्षी छाटा.

नारळाचं काय? कोकणातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर ही इच्छा घरात शिरते. नारळ भिंगारमध्ये जगू शकतो, पण उन्हाळ्यात त्याला रोज बादल्यांनी पाणी लागतं. एका नारळाच्या पाण्यात तीन-चार चिवट झाडं सहज जगतात.

छोट्या अंगणात टाळावीत अशी झाडं

वड, पिंपळ, उंबर ही झाडं गावाला हवीतच, पण देवळाच्या आवारात, ओढ्याकाठी, मैदानावर. घराजवळ त्यांची मुळं भिंत आणि हौद दोन्ही धरतात. गच्चीच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ उगवला असेल तर तो चार पानांचा असतानाच मुळासकट काढून कुंडीत लावा आणि पुढच्या पावसाळ्यात मोकळ्या जागी न्या.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मुळं उथळ, लाकूड कमकुवत. वादळात पडणाऱ्या झाडांत त्याचा नंबर वरचा असतो. सप्तपर्णी फुलते तेव्हा तिचा उग्र वास बेडरूमच्या खिडकीजवळ अनेकांना सोसत नाही. रस्त्याच्या दुभाजकांवर दिसणारा कोनोकार्पस झपाट्याने वाढतो म्हणून लोक कुंपणाला लावतात. पण त्याची मुळं पाइपांत शिरतात आणि परागकणांबद्दलही तक्रारी आहेत. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. निलगिरी आणि सुबाभूळ हीसुद्धा घराच्या अंगणातली झाडं नव्हेत.

भिंतीपासून किती लांब?

ढोबळ नियम असा: डाळिंब, लिंबू, पारिजातकासारखी छोटी झाडं भिंतीपासून पाच-सहा फूट. चिकू, पेरू, आवळ्यासारखी मध्यम झाडं दहा-बारा फूट. कडुनिंब, करंजासारखी मोठी झाडं किमान पंधरा फूट.

जमीन काळी असेल तर ही अंतरं वाढवा. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. पायाजवळचं मोठं झाड उन्हाळ्यात तिथली ओल ओढून घेतं, माती एका बाजूने जास्त आक्रसते आणि भिंतीला तडा जाऊ शकतो. मुरमाड जमिनीत हा धोका बराच कमी असतो. ड्रेनेजच्या पाइपांचं म्हणाल तर मुळं सहसा धडधाकट पाइप फोडत नाहीत. आधीच गळणाऱ्या जोडातून आत शिरतात. म्हणून झाड लावण्याआधी जोड तपासून घ्या.

पाण्याचा हिशेब: झाडं किती, हे तो ठरवतो

लावल्यानंतर पहिले दोन-तीन उन्हाळे झाडाला हात लागतो. एका रोपाला आठवड्यातून दोनदा १५ लिटर धरले तर आठवड्याला ३० लिटर होतात. चार झाडांचे १२० लिटर. फेब्रुवारीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत साधारण १७ आठवडे धरा, म्हणजे सुमारे २,००० लिटर. हे पाणी काढता येत नसेल तर चारऐवजी दोन झाडं लावा. दोन जगलेली झाडं चार वाळलेल्या झाडांपेक्षा बरी.

छपराकडूनही मदत घेता येते. १,००० चौरस फूट गच्चीवर २५ मिलिमीटरचा एक चांगला पाऊस पडला तर सुमारे २,३०० लिटर पाणी येतं. वर्षभराच्या ५५० मिलिमीटर पावसातून, गळती-बाष्पीभवन वजा करूनही, चाळीस हजार लिटरच्या आसपास. एवढं साठवणं बहुतेकांना जमणार नाही. पण गच्चीचा पाइप गटाराऐवजी झाडाजवळच्या खडी भरलेल्या खड्ड्यात सोडला तरी जमिनीत ओल राहते. खड्डा पायापासून लांब हवा.

पाणी वाचवायच्या दोन जुन्या युक्त्या आजही सगळ्यात स्वस्त आहेत. एक, बुडाला छोटं भोक पाडून त्यात वात घातलेलं मातीचं मडकं रोपाजवळ पुरणं. दुसरी, खोडाभोवती तीन-चार इंच पालापाचोळा पसरणं. फक्त तो खोडाला चिकटू देऊ नका. पाचोळा जाळू नका, तो तुमचा पाण्याचा विमा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे दावे आणि वस्तुस्थिती

'पिंपळ आणि तुळस २४ तास ऑक्सिजन देतात.' चूक. ऑक्सिजन प्रकाशसंश्लेषणातून तयार होतो आणि त्याला प्रकाश लागतो. रात्री ही झाडंही इतर झाडांसारखी श्वसन करतात आणि ऑक्सिजन वापरतात. पिंपळ थोर आहे, पण या कारणासाठी नाही.

'लवकर वाढणारं झाड लावा, लगेच सावली.' अर्धसत्य. झपाट्याने वाढणाऱ्या झाडांचं लाकूड बहुधा हलकं आणि ठिसूळ असतं. तातडीची सावली वेलाने मिळवा आणि झाड टिकाऊ लावा.

'मोठं रोप आणलं की झाड लवकर मोठं होतं.' नेहमी नाही. पिशवीत फार दिवस राहिलेल्या मोठ्या रोपाची मुळं आत गोल फिरलेली असतात आणि जमिनीतही ती तशीच राहू शकतात. दोन-तीन फुटांचं ताजं रोप अनेकदा त्याला मागे टाकतं.

एक नमुना: दोन गुंठ्यांचा प्लॉट

समजा, प्लॉट दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट आहे. मध्ये हजार फुटांचं घर, पश्चिमेला पंधरा फूट मोकळी जागा, दक्षिणेला आठ फूट, पूर्वेला रस्ता आणि दार, उत्तरेला मोरी. मग पश्चिमेला भिंतीपासून बारा फुटांवर एक चिकू. तो पुरेसा वाढेपर्यंत भिंतीलगत मांडवावर मधुमालती. दक्षिणेला एक डाळिंब. दाराच्या एका बाजूला पारिजातक, कुंपणाला मेंदी. उत्तरेला केळी आणि कढीपत्ता. खऱ्या अर्थाने झाडं फक्त तीन, पण सावली, फळ, फूल, आडोसा आणि सांडपाणी या पाचही गरजा भागतात. शेजाऱ्याच्या हद्दीत फांदी किती जाईल, हे मात्र लावण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या.

लावताना

खड्डा मे महिन्यात काढून उन्हात तापू द्या. मोठ्या फळझाडाला तीन फूट लांब-रुंद-खोल, डाळिंब-लिंबासारख्यांना दोन फूट. राडारोडा वेचून बाहेर काढा. चांगली माती आणि कुजलेलं शेणखत भरा. कच्चं शेणखत वापरू नका, त्यातून वाळवी आणि हुमणी येते. दोन चांगले पाऊस झाले, जमिनीत ओल गेली, की लावा. कलम असेल तर जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालून फुटणारे फुटवे काढत राहिलं पाहिजे. काठी रोवून सैल बांधा.

तोडायची वेळ आली तर

झाड आपल्या जागेत असलं तरी ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे आणि त्यात झाड जाळणं किंवा त्याला इजा करणं हेही तोडण्यातच मोडतं. महापालिका हद्दीत असाल तर वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा, छावणी हद्दीत असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे विचारा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं आहे.

अंगणात आधीच एखादं जुनं कडुनिंब किंवा चिंच उभी असेल तर नवं रोप आणण्याआधी तिच्याकडे बघा. तिची सावली कुठे पडते, वाळलेल्या फांद्या कोणत्या, बुंध्याभोवती फरशी टाकून मुळं गुदमरवली आहेत का. बुंध्याभोवती चार-पाच फूट माती मोकळी करून देणं हे नव्या झाडापेक्षा स्वस्त काम आहे, आणि त्याची सावली याच उन्हाळ्यात मिळते.